मांडव लग्नाचा नव्हे, भाजीचा

वाचकहो, श्रावणातला आठवडी बाजार डोळ्यासमोर आणा. सावली तालुक्यातील एका गावच्या बाजारात दोन-तीन वर्षांपूर्वी मी उभा होतो. धानाची रोवणी आटोपून, पायाचा चिखल धुऊन बाया बाजाराला आलेल्या. त्यातल्या एकीने सांबाराची जुडी उचलली, भाव विचारला, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा पाटीत ठेवली. मग कांदे, बटाटे आणि वाळलेल्या झिंग्यांची पुडी घेऊन ती चालू लागली. चोहीकडे हिरवेगार रान, गावाला लागून जंगल, आणि रोजमजुरी करणाऱ्या त्या माउलीला जुडीभर हिरवी भाजी परवडू नये! मी पेशाने कारकून. रकमांचा हिशेब करणे हे माझे रोजचे काम. पण तो हिशेब मला त्या दिवशी जुळवता आला नाही.

भाजी महाग का होते? कारण पावसाळ्यात आपल्याकडे ती पिकतच नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक वर्षावासाच्या तीन महिन्यांत पडतो. बांध्यांत धान उभे असते. उरते ती घरामागची वाडी. तिथे मेथी-सांबार टाकला तर बी वाहून जाते किंवा कुजते. टमाटर-मिरचीचे रोप उगवले तर बुडाशी सडून माना टाकते. यालाच शेतीच्या पुस्तकात ‘रोपे कोलमडणे’ म्हणतात. वाचलेल्या झाडावर पावसाच्या माराने मातीचे शिंतोडे उडतात आणि त्यातून करपा पानावर चढतो. पुढे उन्हाळा आला की पारा ४५ अंशांच्या वर. तापमान ३५ अंशांच्या वर गेले की टमाटरचा फुलोराच गळू लागतो. म्हणजे आपल्या भाजीचे वैरी दोन : वरून कोसळणारा पाऊस आणि वरून आग ओकणारे ऊन. दोन्ही वरूनच येतात. तेव्हा उपायही वरच करावयाचा आहे.

हा उपाय जगाला नवा नाही. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमरी एमर्ट नावाचे भाजीपाल्याचे प्राध्यापक होते. काचघर बांधावयाचे तर काचेचा खर्च झेपत नव्हता. म्हणून त्यांनी १९४८ साली लाकडी सांगाड्यावर पारदर्शक कागद ताणून घर उभे केले. पुढे प्लास्टिकचा कागद आला आणि ही कल्पना देशोदेशी पसरली. थंड मुलुखातले लहान शेतकरी वाकवलेल्या नळ्यांवर असा कागद घालून माणूस उभा राहून काम करील एवढ्या उंचीचे बोगदे करतात. त्यांना तिकडे ‘हाय टनेल’ म्हणतात. ना यंत्र, ना पंखा, ना वीज. लक्षात घ्या, ही युक्ती श्रीमंतीतून निघालेली नाही. काच परवडली नाही म्हणून निघालेली आहे.

आमच्याकडे मात्र पॉलीहाऊस म्हटले की लोखंडी सांगाडा, गुलाब-जरबेराची फुले आणि लाखांचे कर्ज हेच डोळ्यापुढे येते. अनुदान मागावे तर आधी सातबारा दाखवावा लागतो. ज्याच्याजवळ घराखालची जागा आणि मागची चार हात वाडी एवढीच इस्टेट आहे, त्याने काय करावे? या प्रश्नापायी मी एक उद्योग केला. तो आधी फसला. कसा फसला तेच आधी सांगतो, कारण त्यात तुमचे पैसे वाचणार आहेत.

२०२२ सालची गोष्ट. आमच्या ओळखीच्या एका बचत गटातील अकरा भगिनींना मी हाय टनेलचे चित्र दाखवले. प्रत्येकीने दोनशे रुपये काढले. विहारामागची पडीक जागा मिळाली. मी मोठ्या उत्साहाने कागदावर नकाशा काढला आणि चित्राबरहुकूम बोगदा उभा केला. बांबू ओलेच वापरले. दुकानात मिळाला तो साधा, पातळ, स्वस्त पांढरा कागद आणला, तो खिळ्यांनी बांबूला ठोकला आणि चित्रात होता तसा चारही बाजूंनी जमिनीपर्यंत बंद केला. मृगाआधीचे ते ऊन! आत पाऊल ठेवले तर भट्टीत शिरल्यासारखे वाटे. टाकलेले बी उगवण्याआधीच भाजले. तेराव्या दिवशी संध्याकाळी वादळ सुटले. वारा आत शिरला, कागद फुग्यासारखा फुगला, खिळ्याखिळ्यापाशी फाटला आणि त्याच्या चिंध्या शेजारच्या बाभळीवर जाऊन लटकल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अकराजणींपुढे उभे राहणे मला जड गेले. एकीने विचारलेच, “भाऊ, पैसे बुडाले का आमचे?” मी म्हटले, चूक माझी आहे, पैसे मी भरून देतो. तेव्हा गटातली वयाने मोठी असलेली एक आजी म्हणाली, “पैसे भरून दिल्यानं भाजी होते का? कायले बुडालं ते सांगा पहिले.” तिथे बांबू पुरवणारे एक बुरूड काका बसले होते. ते हसून म्हणाले, “बाबू, मांडवाले खिळा कोन ठोकते? मांडव बांधतेत, ठोकत नाहीत.”

वाचकहो, माझी बी. कॉम.ची पदवी त्या एका वाक्यापुढे फिकी पडली. आमच्या झाडीपट्टीत लग्नाचा मांडव कोण घालत नाही? डेरे उभे करावे, आडवे बांबू बांधावे, वर जांभळाचे डहाळे टाकावे, बाजू मोकळ्या ठेवाव्या. वारा येतो आणि आरपार निघून जातो. मी परदेशी चित्र पाहत राहिलो आणि दारातला मांडव विसरलो. त्यांचा बोगदा ऊब कोंडून ठेवण्यासाठी आहे. आपल्याला ऊब नको, छत्री पाहिजे. हे एकदा कळले की बाकी सगळे सोपे आहे.

आता २०२३ साली उभा केलेला आणि टिकलेला मांडव कसा केला ते सविस्तर देतो. दर गावोगाव आणि दर साली बदलतात, म्हणून रुपये न लिहिता नग आणि वजन लिहितो. गुणाकार तुम्ही करा.

जागा आणि मापे : रुंदी १० फूट, लांबी ३० फूट. मध्ये उंची ७ फूट, कडेला ४ फूट. पाणी साचत नाही अशी जागा घ्या. तुमच्या गावात वादळ बहुधा ज्या दिशेने येते, तिकडे मांडवाचे अरुंद तोंड करा, लांब बाजू नको.

बांबू : २० फुटी सुमारे २५. मानवेल, म्हणजे भरीव बांबू, उत्तम. कोवळा नको, तीन वर्षांपुढचा असावा. पावसाळ्यात नवे कोंब फुटत असतात, तेव्हा तोडू नये, हिवाळ्यात तोडावा. तोडलेला बांबू तीन-चार आठवडे पाण्यात दाबून ठेवावा आणि मग सावलीत उभा करून वाळवावा. बांबूतली साखर पाण्यात उतरली की भुंग्याला खायला उरत नाही. खांबाचा जो भाग जमिनीत जाणार, त्याला डांबर लावा. बांबू सडतो तो जमिनीच्या रेषेवरच.

सांगाडा : दर ५ फुटांवर एक याप्रमाणे ७ ओळी. प्रत्येक ओळीत मधला खांब ९ फुटांचा, कडेचे दोन ६-६ फुटांचे. तिन्ही २ फूट जमिनीत गाडून माती ठेचून भरा. मधल्या खांबांच्या डोक्यावर लांबीने एक आडवा बांबू, दोन्ही कडांना एकेक आणि उतारावर मध्ये एकेक, असे ५ आडवे पट्टे बांधा. त्यावर १४ फूट लांबीच्या कमच्या वाकवून दर अडीच फुटांवर बांधा. अशा १३ लागतात. चारही कोपऱ्यांना तिरपे टेकू द्या. टेकू म्हणजे वाया गेलेला बांबू असे मला आधी वाटे. वादळात सांगाडा तोच धरून ठेवतो.

कागद : इथे काटकसर करू नका. साधा कागद उन्हाने एका मोसमातच कडक होऊन तुटतो. २०० मायक्रॉन जाडीचा, उन्हाला टिकणारा कागद मागा. दुकानदार त्याला ‘यूव्ही’चा कागद म्हणतात. नीट सांभाळला तर तो तीनेक वर्षे जातो. कागद वजनावर विकला जातो आणि या जाडीचा एक चौरस मीटर कागद सुमारे १८४ ग्रॅम भरतो. आपल्याला ५ मीटर रुंद आणि साडेदहा मीटर लांब तुकडा लागतो, म्हणजे साडेबावन्न चौरस मीटर. वजन पावणेदहा किलोच्या आसपास. दुकानदाराने पंधरा किलो सांगितले तर हिशेब दाखवा. सहा किलोच भरला तर कागद पातळ आहे असे समजा. तुमच्या हातात माप असले म्हणजे कोणी फसवत नाही.

बांधणी : कमच्यांच्या धारा घासून घ्या. जिथे कागद टेकणार तिथे जुन्या लुगड्याच्या चिंध्या किंवा सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळा. वारा पडलेला असताना, ऊन चढल्यावर कागद घाला. थंड वेळी ताणलेला कागद उन्हात सैल होतो आणि फडफडतो. कागदाच्या दोन्ही लांब कडा एकेका कमचीभोवती गुंडाळून त्या खाली खेचून बांधा. मग दोन कमच्यांच्या मधून, कागदाच्या वरून दोरी टाकून दोन्हीकडे खुंट्यांना आवळा. खिळा एकही नाही. बाजू आणि दोन्ही तोंडे मोकळी. मधमाशीही त्याच वाटेने आत येते, म्हणजे काकडी-दोडक्याला फळ धरते.

वाफे : मधला वाफा ३ फूट, त्यात खांबांच्या आधाराने टमाटर बांधून वर चढवा. दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाची वाट आणि कडेला दोन-दोन फुटांचे पालेभाजीचे वाफे. झाले १० फूट. वाफे वीतभर उंच करा, म्हणजे बाहेरून ओघळून आलेले पाणी मुळाशी बसणार नाही.

एक गंमत सांगतो. भर पावसाळ्यात या मांडवात पाणी घालावे लागते, कारण पाऊस आत येत नाही. म्हणून दोन्ही कडांना पत्र्याची पन्हळ बांधून खाली ड्रम ठेवा. एवढ्या छपरावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी तीनशे लिटरच्या वर पाणी मिळते. मात्र ड्रमचे तोंड जुन्या लुगड्याने घट्ट बांधा. गडचिरोली जिल्ह्याला हिवतापाची ओळख करून द्यावी लागत नाही. भाजीसाठी साठवलेल्या पाण्यात डास पोसले तर कमावले काय आणि गमावले काय?

फेब्रुवारी संपत आला की कागद सोडा. धुऊन, वाळवून, गुंडाळून उंदरांना न लागेल असा घरात टांगा. यात दोन लाभ आहेत : कागदाला उन्हाळा भोगावा लागत नाही आणि अवकाळीचे वादळ तो फाडू शकत नाही. सांगाडा मात्र राहू द्या. त्यावर हिरवी जाळी घाला. पन्नास टक्के सावलीची मिळते. पैसे नसतील तर तुरीच्या तुराट्या विरळ पसरा. अर्धे ऊन, अर्धी सावली. पाणी असेल तर पालक, चवळाई, सांबार उन्हाळ्यातही निघतो. मृगाची पहिली वादळे होऊन गेली की पुन्हा कागद चढवा. कोळसा खाणी आणि वीज केंद्राजवळच्या गावांतील भगिनींनी एक लक्षात ठेवावे. तिथे कागदावर धूळ आणि राख बसते आणि आतला उजेड कमी होतो. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने कागद पुसून घ्यावा.

सगळे गोडच झाले असे लिहून मी वाचकांची फसवणूक करणार नाही. त्या पहिल्या मोसमात वानरांनी एका तोंडाकडचा कागद फाडला. तो चिकटपट्टीने सांधला आणि तिकडे बाभळीच्या काट्या बांधल्या. टमाटरवर पांढरी माशी आली, पाने मुरडली आणि निम्मी झाडे उपटून जाळावी लागली. पण सांबार, पालक आणि मुळ्याची भाजी श्रावण-भाद्रपदात निघाली. शिवाय मिरची-वांग्याची रोपे कोलमडली नाहीत. ती अकराही घरच्या वाड्यांत गेली.

मोसम संपल्यावर मी गटासमोर जमाखर्च मांडला. खर्चाच्या बाजूला कागद, दोरी, डांबर, बी. जमेच्या बाजूला बाजारात विकलेल्या जुड्या. तूट निघाली. मी मान खाली घालून म्हटले, “कागदाचे पैसे अजून निघाले नाहीत.” त्यावर तीच आजी म्हणाली, “भाऊ, आमी खाल्ली ते भाजी लिवली का?”

लिहिली नव्हती! वाणिज्य शाखेत मी शिकलो ते विकलेल्या मालाचे हिशेब. घरात शिजले, लेकरांच्या ताटात पडले, त्याला वहीत रकाना नव्हता. बायांनी बोटांवर मोजून प्रत्येक घरी आठवड्याला किती जुड्या गेल्या ते सांगितले. बाजारभावाने त्या मांडल्या आणि तूट भरून निघाली. तरी त्यांच्या मजुरीचा रकाना अजून कोराच आहे. तो भरला तर काय निघेल ते मी सांगू शकत नाही, पण यापुढे तो वहीत ठेवावयाचा असे आम्ही ठरवले आहे. स्त्रीचे काम आणि घरात खाल्लेला घास ज्या हिशेबात येत नाही, तो हिशेब कितीही जुळला तरी खोटाच, असे मला आता वाटते.

बांबूविषयी दोन शब्द. जंगल शेजारी आहे म्हणून रात्री जाऊन तोडून आणण्याचा मार्ग नको, आणि त्याची गरजही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपजात धरले आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार त्या ग्रामसभेच्या हाती आला. ज्या गावांना असा हक्क मिळाला आहे, त्यांनी मांडवाच्या बांबूचा विषय ग्रामसभेत घ्यावा. इतरांनी बुरूड बांधवांकडून बांबू घ्यावा, आणि जमल्यास कमच्या काढण्याचे कामही त्यांनाच द्यावे. २०१७ च्या दुरुस्तीनंतर वनाबाहेर लावलेला बांबू कायद्याने ‘झाड’ राहिलेला नाही. तेव्हा वाडीच्या कडेला स्वतःचे चार बेट लावले तर पुढच्या मांडवाची सोय घरीच होते. बांबू टिकवण्याच्या पद्धतींची माहिती चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात, आणि भाजीच्या रोगांविषयी सिंदेवाही व सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांत विचारावी. विचारण्यात कमीपणा नाही. मी बुरूड काकांना आधी विचारले असते तर बावीसशे रुपये वाचले असते.

कोणी म्हणेल, आपण शिकलेलो नाही, आपल्याला हे नवे कसे जमेल? त्यांनी नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना आठवावे. प्राथमिक शाळेपलीकडे शिक्षण नाही, जमीन थोडकी. १९८३ साली स्वतःच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या तीन लोंब्या त्यांनी पाहिल्या, त्यांचे बी जपले, वर्षामागून वर्ष पेरून पाहिले आणि त्यातून ‘एचएमटी’ धान दिले. २०१८ साली ते गेले, पण तो तांदूळ आजही घरोघरी शिजतो. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. पाहण्याची नजर होती आणि लिहून ठेवल्यासारखी आठवण होती. तेवढी आपल्या प्रत्येक घरात आहे.

म्हणून भगिनींनो, बंधूंनो, एवढेच करा. येत्या हिवाळ्यात पंचवीस बांबूंची तजवीज करा, ते पाण्यात घाला, वाळवा. गटात कागदाचे पैसे थोडे थोडे साठवा. एका गावात एकच मांडव आधी घाला, अकरा जणींनी मिळून घाला आणि वही ठेवा. त्या वहीत तीन रकाने करा : विकलेली भाजी, खाल्लेली भाजी आणि बायांचे कामाचे तास. वर्षाअखेर ती वही विहारात सर्वांपुढे वाचा. फसले तर का फसले तेही वाचा.

आमच्या गटाच्या वहीत अजून बरेच कोरे आहे. पण मागच्या श्रावणात त्याच बाजारात गटातली एक बाई सांबाराच्या दहा जुड्या पाटीत मांडून बसलेली मी पाहिली. मी भाव विचारला. तिने भाव सांगितला आणि लगेच म्हणाली, “तुमाले नाही विकत, भाऊ. घरचा हाय, घेऊन जा.” मी पैसे देऊनच जुडी घेतली. जमेच्या रकान्यात ती आलीच पाहिजे.